अनवाणी पायाचं डिझेल

वैशाख, सोमवार संध्याकाळ. लातूर.

आज पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी सगळ्या टँकर ड्रायव्हरांसमोर माझी पाठ थोपटली आणि तिथंच माझा गळा आवळला. माझ्या गाडीला सगळ्यात कमी डिझेल लागतं. का? मी चप्पल काढून चालवतो. अनवाणी पायाला ॲक्सिलेटर बरोबर कळतो, उगाच दाबला जात नाही. वाचलेल्या डिझेलवर औशापलीकडं माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या वाडीला पाण्याची एक जादा खेप न्यायची होती. तेच विचारायला गेलो होतो. पण लातूर जिल्हा नुकताच झालेला, साहेबही नवे. म्हणाले, "वा! मग उद्यापासून सगळ्यांना एवढंच डिझेल."

बाहेर आल्यावर रहीमभाई म्हणाले, "लई हुशार हाईस. आता आमीबी चपला काढून ठिवाव्या का?" बाकीचे पाठ फिरवून आपापल्या गाड्यांकडं गेले.

अक्काला काय सांगू? घागरी मांडून बसली असेल. उद्या चप्पल घालूनच चालवावं, असं रागानं वाटतंय. पण डिझेल आता अनवाणी पायाच्या मापानंच मिळणार. चप्पल घातली तर ठरलेल्या गावांनाही पाणी पोचायचं नाही.

मघाशी जेवायला बसलो, तर उजवा पाय मोकळाच सोडलेला, ॲक्सिलेटरवर ठेवावा तसा जमिनीवर हलकेच टेकवलेला. बायको म्हणाली, "काय हो, काटा रुतलाय का?"