वंदनाताई, तुमच्या स्टिअरिंगचा आवाज मी बंद केला

प्रिय वंदनाताई,

आज अविधवा नवमी. तुमच्या नावाने सवाष्ण जेवायला बोलावली होती. पुरणपोळ्या मी केल्या, ओटी मी भरली, आणि तुमच्या फोटोला हार घालताना मनात काय होतं सांगू? जळत होते मी. चार वर्षांपूर्वी तुम्ही गेलात, दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या जागी या घरात आले. आपली कधी भेट नाही. तरी एक गोष्ट तुम्हालाच सांगायला हवी, म्हणून जेवणं आटोपल्या आटोपल्या लिहायला बसले.

गाडीच्या स्टिअरिंगचा आवाज मी बंद केला.

तुमच्या गाडीच्या, म्हणायला हवं. सुधीर अजून तसंच म्हणतात, "वंदनाची गाडी काढतो." मला चालवता येते, पण किल्ली माझ्या हातात द्यायला त्यांच्या जिवावर येतं.

स्टिअरिंग वळवलं की कुईं-कर्र, आठवतं ना? पाथर्डी फाट्याला वळताना, सोसायटीत गाडी लावताना, दर वेळी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "अहो, दाखवा ना कुठेतरी." तर म्हणाले, "असू दे. वंदनाच्या वेळेपासून आहे." चेहरा इतका हळवा झाला की मी विषय सोडून दिला.

तेव्हापासून तो आवाज माझ्या डोक्यातच गेला. देवळ्याला सासरी जाताना घाटातल्या एकेका वळणावर तुम्ही आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसायचात. समोर असतात तर दोन शब्द सुनावले असते. आवाजाशी काय भांडणार?

बाकी तुमचं सगळं मी ठेवलंय हो. डब्यांवर अजून तुमच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. तुमच्या भरल्या वांग्यांचं कौतुक मी केलेली वांगी खाताना ऐकते. पण गाडीत बसले की वाटायचं, माझ्याशी बोलता बोलता हे मात्र तुमच्याकडे कान लावून बसलेत. असं कसं सहन करायचं?

गेल्या महिन्यात ते ऑफिसच्या कामाला चार दिवस बाहेरगावी गेले आणि मी गाडीत जाऊन बसले. मी शिवणक्लास चालवते. मशीन कुठे कुरकुरतं ते माझ्या बोटांना कळतं. इंजिन सुरू केलं नाही, नुसती किल्ली फिरवली आणि स्टिअरिंग थोडंसं हलवलं. आवाज आलाच. गाडी जागची हलली नव्हती, इंजिन बंद होतं, म्हणजे दुखणं आतच कुठेतरी होतं. मग खाली वाकून पेडलांच्या वर असलेल्या स्टिअरिंगच्या दांड्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग हलवलं. दांडा जिथे रबरातून पुढे इंजिनाकडे जातो, तिथे बोटांना त्याची थरथर जाणवली.

मशीनच्या तेलाची बाटली सोबत आणली होती, पण धीर होईना. तुमच्या गाडीला माझ्या हातून काही झालं असतं तर? तशीच गाडी अंबडला दगाभाऊंच्या गॅरेजमध्ये नेली. ते नामपूरकडचे, तुमच्या वेळेपासून तेच गाडी बघतात.

"तेल नाय टाकलं ते लय बरं केलं, वहिनी," ते म्हणाले. "रबर फुगलं असतं. याला येगळं ग्रीस लागतं." रबर पुसून ग्रीस लावलं, पंधरा मिनिटांत काम झालं. हात पुसता पुसता म्हणाले, "पहिल्या वहिनी बी याच आवाजासाठी दोनदा आल्या व्हत्या. खाली स्प्रिंगच्या पाट्या पडल्यात का स्टिअरिंगचा रॅक गेलाय, बघा म्हणायच्या. मी साहेबांना फोन लावला की ते म्हणायचे, चालतंय ना, मग चालू द्या. लय चिडायच्या वहिनी."

ताई, मी तिथल्या स्टुलावर बसूनच राहिले. तुम्हाला तो आवाज नको होता? आणि त्याच्यापायी मी दोन वर्षं तुमच्यावर जळत होते?

सुधीर परत आले, गाडी काढली. सोसायटीच्या फाटकाशी वळताना थांबले. स्टिअरिंग पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"आवाज कुठे गेला?"

"काढला."

"मला विचारायचं तरी. तिची तेवढी एकच..."

"त्यांनी दोनदा सांगितलं होतं तुम्हाला. दगाभाऊ म्हणाले."

त्यांनी गाडी बंद केली. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. स्टिअरिंगवरचे हात न काढता म्हणाले, "तीनदा. तिसऱ्यांदा हॉस्पिटलमध्ये. मी म्हटलं, तू घरी ये, मग करू."

मग ते रडले. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि तेव्हाही जळत होते, खोटं कशाला बोलू? रडणं तुमच्यासाठीच होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला तुमच्या बाजूने त्यांचा राग आला.

म्हणून तुम्हाला शब्द देते. माझी एकही तक्रार मी मागे ठेवणार नाही. मी गेल्यावर ती त्यांनी आठवण म्हणून जपत बसायचं नाही. काल मोरीतला नळ गळत होता. म्हणाले, रविवारी बघू. मी म्हटलं, आत्ता. आणि प्लंबर येऊन नळ बदलून जाईपर्यंत मी त्यांना चहा दिला नाही.

तुमच्यावर अजूनही थोडी जळणारी,
अनुराधा