पाचटाची कोपी

अण्णा, तुमच्या आगगाडीवरून आज एका माणसाला मी चारचौघांत झापलं. मुलांना दाखवायला ती खेळण्यातली गाडी, रूळ आणि रान मांडलेली तुमची फळी शाळेच्या हॉलमध्ये नेली होती. संस्थेचे सेक्रेटरी आले, रुळांवर वाकले आणि म्हणाले, "मॅडम, लई भारी! फक्त ह्या ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या तेवढ्या काढू. उद्या पाहुणे येणारेत. तिथं छोटं गार्डन लावू." मी विचारलं, "पाहुणे चहात साखर घेतात ना? मग ऊस तोडणारी माणसं कुठं राहतात तेही बघू द्या. कोप्या निघाल्या तर गाडीही निघाली. टेम्पो बाहेर उभाच आहे." कोप्या राहिल्या. मी निवृत्त झाले, जीभ काही होत नाही. तुम्ही म्हणायचात ना, "कॉन्व्हेंटात इंग्रजी शिकाया घातली, ही भांडाया शिकून आली."

साहेबांच्या बंगल्यावरून टाकून दिलेली ती चावीची गाडी तुम्ही आणलीत आणि आपल्या रेल्वे क्वार्टरची पुढची खोली तिनं अडवली. चहाचा चोथा तव्यावर वाळवून तुम्ही रानाची माती करताय आणि आई चुलीपुढून ओरडतेय, "तवा भाकरीचा हाय का तुमच्या रेल्वेचा?" मी शाळेतल्या पुस्तकात पाहून बर्फ पडलेली झाडं केली, हौसेनं सिग्नलशेजारी रोवली. तुम्ही ती उपटून माझ्या हातात दिलीत. "अशी झाडं कुठं बघितली?" "पुस्तकात." "मग पुस्तकातच राहू दे. फाटकापर्यंत जाऊन ये, काय दिसतं ते सांग." मी रागानं पाय आपटत गेले. सिग्नलखाली झोपलेलं कुत्रं, गेटमनचा रांजण, काटेरी तारेवर वाळत घातलेली गोधडी. येऊन सांगितलं, तर तुम्ही माझ्या जुन्या फ्रॉकच्या चिंधीची नखाएवढी गोधडी शिवलीत. रुळांचे बोल्ट आवळून राठ झालेल्या त्या बोटांना सुई दिसायची तरी कशी? इतकं नेमकं बघणारा माणूस मला पुढे नोकरीतही भेटला नाही, आणि तिथं शिकलेले पुष्कळ होते.

मग नाताळच्या सुट्टीत माझ्या वर्गातल्या मुली घरी आल्या. त्या येऊन गेल्यावर तुम्हाला फळीवरची, उसाच्या पाचटाची तुम्ही बांधलेली पहिली कोपी दिसली नाही. मी म्हटलं, "शेजारच्यांच्या मांजरानं पाडली." दुसऱ्या दिवशी खिडकीला जाळी ठोकलीत, पाचट बारीक कातरून नवी कोपी बांधलीत आणि ह्या वेळी तिच्या दाराशी काडेपेटीच्या काडीची एक बाई बसवलीत, लुगड्यातली, मांडीवर मूल घेतलेली. "ही तुझी आजी," तुम्ही म्हणालात. "आन् मांडीवर मी. अशाच कोपीत झालो मी." मला तोंड वर करवेना. तुम्ही मात्र डिंक सुकेपर्यंत त्या बाईला बोटानं धरून होतात.

त्या बाईला आज हॉलमध्ये मुलांनी गराडा घातला होता. एकीनं विचारलं, "ही कोण?" मी मोठ्यानं सांगितलं, "माझी आजी." सेक्रेटरींनी ऐकावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं.

त्यांच्यावर मी एवढी का तडकले, ते त्यांना कधी कळणार नाही. हा कागद तुमच्या डिंकाच्या डब्याखाली घडी घालून ठेवतेय. खिडकीची ती जाळी उगाच ठोकलीत, अण्णा. मैत्रिणी यायच्या आधी कोपी मीच काढली होती, दप्तरात लपवली होती.