माथ्यावरची कोरी जागा

॥ श्री ॥

३ जून

चि. मुंगळ्यास आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि बढतीची बातमी, दोन्ही पोचली. पाण्याच्या बाटल्या तपासता तपासता तू आता तपासणाऱ्यांचा मुख्य झालास, म्हणजे घरी आलास की आधी माझ्या पिंपात नाक खुपसणार, हे आलंच. फार आनंद झाला. इतका, की तोंडावर ताबा राहिला नाही.

प्रार्थनागृहाच्या मोठ्या पडद्याचं कापड परवा आलं. बावीस वर्षं मीच तो शिवते, तरी पहिली कात्री लावण्याआधी खडूची खूण तीनदा तपासते. तिथली डावीकडची फरशी खचली आहे, म्हणून डावं टोक चार बोटं लांब कापावं लागतं. ते कुठं लिहिलेलं नाही, माझ्या हातालाच माहीत. मंडळाचे चिटणीस कापड मोजून द्यायला आले, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तुझं पत्र त्यांच्या हातात ठेवलं. ते बढतीपर्यंत पोचलेच नाहीत. चष्मा कपाळावर चढवून कागदाच्या माथ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, यावर देवाचं नाव कसं नाही? मला ऐन वेळी थाप सुचत नाही, तुला ठाऊक आहे. सांगून टाकलं, की देव आहे असं त्याला वाटत नाही, चार वर्षं झाली त्यानं ते लिहिणं सोडून. त्यांनी पत्र घडी करून परत दिलं. कापड मात्र पुन्हा एकदा मोजलं.

मिरवायची हौस नडली, दुसरं काय. खोकल्याचं औषध घेतोस की नाही, ते या खेपेलाही लिहिलेलं नाहीस.

लोभ आहेच, तो पत्राच्या लांबीतही दिसू दे.

तुझी आत्या


११ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

खोकला गेला, औषध अर्धं उरलं. तू खरं तेच सांगितलंस, त्यात चूक कसली? पण त्यांनी कापड पुन्हा मोजलं, हे वाचून मात्र बरं वाटलं नाही. भाच्याचा देवावर विश्वास नाही म्हटल्यावर आत्याच्या मापावरचाही उडाला म्हणायचा.

इथं प्रयोगशाळेत मला हे कुणी विचारत नाही. आमचा नियम एकच, बाटलीत दिसेल तेवढंच अहवालात लिहायचं. नसलेली शुद्धता लिहिली, तर कुठल्या तरी गल्लीला जुलाब ठरलेले. मला देव दिसला नाही, म्हणून मी लिहिला नाही. तू त्यावरून कधी वाद घातला नाहीस. माथा कोरा असलेलं पहिलं पत्र मिळाल्यावर तू उत्तरासोबत लोकरीचे मोजे पाठवले होतेस. ते अजून वापरतो, एकाला भोक पडलं आहे.

तिकडं काही झालं तर लपवू नकोस.

माया आहे तशीच असू दे.

तुझा मुंगळा


॥ श्री ॥

२४ जून

चि. मुंगळ्यास अ. उ. आ.

लपवू नकोस म्हणालास, म्हणून सगळं लिहिते. बातमी गल्लीभर झाली. पावाच्या दुकानातल्या बाईंचं मत असं, की तुमच्या शहराचं पाणीच वाईट. मी म्हटलं, पाणी तर तोच तपासतो. त्यांना ते आणखीच पटलं.

सोमवारी मंडळानं मला बोलावलं, मऊ खुर्चीत बसवलं, चहाही दिला. तेव्हाच समजले, की काहीतरी कडू गिळायचं आहे. त्यांचं म्हणणं, माझ्याबद्दल कुणाची तक्रार नाही, पण पडदा देवापुढं लागतो, तो कुठल्या घरातून आला हे लोक विचारतात. तू तुझ्या हातानं दोन ओळी लिहून पाठवायच्या, की तुझा विश्वास आहे, आणि वर देवाचं नाव घालायचं. महिनाअखेरपर्यंत आलं नाही, तर कापड बाजारातल्या शिंप्याकडे जाईल. याच मंडळींनी घंटा विजेवर आणली, गाद्यांत स्पंज भरला, सामना बघता यावा म्हणून प्रार्थनेची वेळ तासभर पुढं ढकलली. तेव्हा म्हणत होते, जग बदलतं, आपणही बदलायला हवं.

मी तुला लिही म्हणत नाही, लिहू नकोस असंही म्हणत नाही. पडदा गेला तर माझं वर्षाचं निम्मं काम जाईल. त्याहून, बावीस वर्षं हाताखालून गेलेली वस्तू दुसऱ्याच्या यंत्रावर बघून मला फार वाईट वाटेल. आहे ते सांगितलं.

आठवण ठेव, खाण्यापिण्याचीही.

तुझी आत्या


॥ श्री ॥

२९ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

देवाच्या कृपेने मी येथे सुखरूप आहे. माझा देवावर पूर्ण विश्वास आहे. मागील पत्रांवर देवाचे नाव लिहावयाचे राहिले, तो माझा निष्काळजीपणा समजावा. मंडळाने कृपया गैरसमज करून घेऊ नये.

आपला नम्र,
आपला भाचा


॥ श्री ॥

६ जुलै

चि. मुंगळ्यास अ. उ. आ.

पत्र उघडलं आणि वरची ओळ बघून वाटलं, पोस्टमननं दुसऱ्याचंच पत्र दिलं. मग अक्षर ओळखलं. ‘आपला नम्र’ वाचून हसले, आणि मग बसून रडले. नवव्या वर्षी शाळेतली काच फोडलीस, तेव्हा नाही म्हणाला असतास तर छडी चुकली असती. तू हो म्हणालास. तुटेल पण चावा सोडणार नाही, म्हणून तर तुझं नाव मुंगळा. आणि आता माझ्यासाठी सोडलास. मायेपोटी केलंस, मला कळतं. पण बाटली न बघता अहवाल लिहिलास.

देवाचं नाव जाळवेना. कात्रीनं वरची पट्टी कापून सुयांच्या डबीत ठेवली आणि बाकीचं शेगडीत घातलं. चिटणिसांना सांगितलं, की पत्र आलं होतं, खोटं होतं, म्हणून जाळलं. ते म्हणाले, मंडळाला तेवढं चाललं असतं. मी म्हटलं, मंडळाला चालेल हो, पण मी देव मानते, त्याच्यापुढं खोटा कागद ठेवायला मला चालत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि कापड घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या शिंप्याकडे जाऊन डावं टोक चार बोटं लांब कापायला सांगून आले. त्याला पटेना, म्हणून फरशी दाखवायला नेलं. पडदा आखूड पडला असता, तर त्यात देवाची काय चूक? मी सध्या शाळेचे गणवेश शिवायला घेतले आहेत. गुंड्या लावून बोटं दुखतात, पण घर चालेल.

भोक पडलेला मोजा पाठव, रफू करून देते. आणि त्यासोबतचं पत्र नेहमीसारखं लिही. माझ्या पत्राच्या माथ्यावर देव आहे, तो राहील. तुझ्या पत्राची वरची जागा कोरीच ठेव. ती कोरी दिसली, की पाकिटातून तूच आलास, हे मला वाचायच्या आधीच कळतं.

लोभ उसवू देऊ नकोस.

तुझी आत्या