आठवी ‘ब’चा खुला तास

४ फेब्रुवारी, मंगळवार

मागची नोंद अकरा ऑगस्टची. तिच्यात लिहिलंय, ‘आता रोज दोन ओळी, काही झालं तरी.’ पुढे सहा महिने कोरे. माफी मागतो. कुणाची, ते ठरत नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, आणि मीही वाचत नव्हतो. कारण द्यायचं तर शाळा. ते कारण खरं आहे की नुसतं हाताशी आहे, यावर विचार करायला हवा. (नंतर.)

आज संचालिका मॅडमनी बोलावलं. माझं तीन वर्षांचं प्रोबेशन मार्चअखेर संपतंय. कायम करायचं की निरोप द्यायचा, ते माझ्या खुल्या तासावरून ठरणार. म्हणजे मॅडम आणि वीस-पंचवीस पालक वर्गात मागे बसणार आणि मी शिकवणार. मॅडम म्हणाल्या, अगदी नेहमीसारखं हं सर, वेगळं काही करायचं नाही. वीस तारीख, विज्ञान, आठवी ब.

आठवी ब मध्ये माझी मुलगी आहे. शिक्षकाचं मूल म्हणून तिला इथे जागा मिळाली. मी गेलो की तीही जाणार. ही तिची चौथी शाळा. आधीच्या तिन्ही ठिकाणांहून मी तत्त्वासाठी बाहेर पडलो. निदान दोन ठिकाणांहून तरी. इथे तिला पहिल्यांदाच जिवाभावाची मैत्रीण मिळाली आहे.

मला काळजी वाटत नाही. मी रोज जसा शिकवतो तसा शिकवीन.

५ फेब्रुवारी, बुधवार

स्टाफरूममध्ये भूगोलाच्या बाईंनी विचारलं, किती तालमी धरल्यात? म्हटलं, एकही नाही. खुला तास म्हणजे खुला. त्या हसल्या. म्हणाल्या, अहो, मी सात घेतल्या होत्या. ज्वालामुखी फुटल्यावर दुसऱ्या बाकावरून ‘बाप रे’ कुणी म्हणायचं तेसुद्धा ठरलेलं होतं. मी म्हणालो, ही मुलांची फसवणूक आहे. त्या म्हणाल्या, असू दे. जूनपासून डबा कुठल्या शाळेत नेणार, ते बघून ठेवलंय ना?

चांगल्या आहेत बाई. पण पद्धत वेगळी.

निश्चय: तालीम नाही. एकदाही नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एकदा उजळणी घेतली. उजळणी आणि तालीम यांत फरक आहे.

विषय लंबक. दोऱ्याला टांगलेला गोळा झुलतो, तो जड असो की हलका, एका झोक्याला वेळ तेवढाच लागतो. सुंदर गोष्ट आहे. सतरा वर्षं शिकवतोय, अजून अंगावर काटा येतो. विचारलं, असं का होत असेल? अडतीस चेहरे. मग पहिल्या बाकावरून एकाने विचारलं, सर, हे परीक्षेला आहे का?

खिडकीजवळची मुलगी बाहेर बघत होती. दोन वर्षं बघतेय. मी तिला मनात ‘खिडकी’ म्हणतो. मुलांना टोपणनावं ठेवू नयेत असं माझं ठाम मत आहे. हे नाव फक्त या वहीपुरतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

तेरा प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून काढली. चार पानं. कुणी काय बोलायचं ते समोर.

मग मन खाऊ लागलं. तेराच्या तेरा उत्तरं बरोबर आली तर ते धडधडीत खोटं. खऱ्या वर्गात निदान एक तृतीयांश उत्तरं चुकतात. म्हणून चार जणांना चुकीची उत्तरं नेमून दिली. उदा. ‘सर, जड गोळा लवकर झुलेल.’ आता प्रमाण वास्तवाशी जुळतं. इतर शिक्षक इतका विचार करत नाहीत.

खिडकीला काही दिलं नाही. तिने फक्त आत बघायचं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अडचण. सगळ्यांना चुकीचीच उत्तरं हवी आहेत. त्यांना हशा मिळतो. मधल्या सुट्टीत अदलाबदल चालते. ‘जड गोळा’साठी दोघांची हातापायी झाली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

मुलीला नववं उत्तर दिलं होतं, बरोबर असलेलं. घरी म्हणाली, बाबा, नको, सगळे म्हणतील घरून पाठ करून आली. पटलं. तिला चुकीचं दिलं. तर रडायला लागली, म्हणजे मी ढ दिसायचं का सगळ्यांपुढे? तेही पटलं. मग दोन्ही काढून घेतली. तर आता मुद्दाम वगळलं म्हणून रुसली आहे.

बायको दवाखान्याच्या काउंटरवर दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून येते, त्यामुळे तिला घरात नवं काही ऐकायचं नसतं. म्हणाली, अरे, तू विज्ञान शिकवतोयस की नाटक बसवतोयस? तिला शिक्षणशास्त्र कळत नाही. म्हटलं नाही तसं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सहावी उजळणी. आता मुलं प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतात. सातवा प्रश्न मी विसरलो, तरी त्याचं उत्तर आलं. म्हणून सांगितलं, विचार केल्यासारखं दिसू द्या, मनात पाच मोजा. तर सगळ्यांचे ओठ हलतात. अडतीस जण एकदम पुटपुटतात. प्रार्थना चालू आहे असं वाटतं.

बुधवारपर्यंत ओठ थांबवायचे. पहाटे तीनला जाग येते. चहा बंद करावा का?

१९ फेब्रुवारी, बुधवार

आठवी उजळणी. ओठ थांबले. आता मुलं श्वासही रोखून धरतात, पण ते मागच्या रांगेतून कळणार नाही.

मुलगी सायंकाळी जवळ आली. म्हणाली, बाबा, उद्या नीट होईल ना? मैत्रिणीने आणि तिने नववीच्या वर्गातला बाक आत्तापासून ठरवून ठेवलाय. म्हटलं, शंभर टक्के.

२० फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी दीड, स्टाफरूम

झाला.

तास घड्याळासारखा चालला. ‘जड गोळा’ला अपेक्षित हशा मिळाला. मागे बसलेल्या एका वडिलांनी सहाव्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन टाकलं, तेही चुकीचं, आणि त्यामुळे तर अस्सलपणा वाढला.

पण एकतिसाव्या मिनिटाला खिडकीचा हात वर.

दोन वर्षांत पहिल्यांदा. माझ्या चार पानांत तो हात कुठेच नव्हता. मी फळ्याकडे वळलो. पुन्हा वळून बघितलं तर हात तसाच. दुसऱ्या हाताने कोपर धरून ठेवलेलं. चेहऱ्यावर अशी कळकळ मी कुठल्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर बघितलेली नाही. मी म्हणालो, हात खाली, तासानंतर बोलू. आणि दहावा प्रश्न घेतला.

टाळ्या. मॅडम म्हणाल्या, छान. घंटा होताच खिडकी माझ्याकडे न बघता धावत वर्गाबाहेर गेली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडम जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, पत्र टाइप होतंय, मंगळवारी मिळेल, अभिनंदन समजा. घरी सांगितलं. मुलीने उड्या मारल्या आणि मैत्रिणीला फोन लावला. बायको म्हणाली, सुटलो बाई एकदाचे.

मला जेवण गेलं नाही. तो हात दिसतो.

काय विचारणार होती? लंबक चंद्रावर नेला तर? दोरा पृथ्वीएवढा लांब केला तर? सतरा वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघतोय तो एका वर्गात, एका मुलीच्या ओठांवर आला होता, आणि मी तिला हात खाली करायला लावला. कशासाठी? नोकरीसाठी. किती धावत गेली ती.

२३ फेब्रुवारी, रविवार

मॅडमना पत्र लिहिलं. तीन मुद्दे. एक, तासाच्या आठ तालमी झाल्या. (उजळणी हा शब्द खोडला. स्वतःशी तरी खरं बोलावं.) दोन, चुकीची उत्तरं मी नेमून दिली. तीन, एका मुलीच्या अस्सल जिज्ञासेचा मी सर्वांसमक्ष गळा दाबला. तिसरा मुद्दा अडीच पानं झाला. वाचताना मलाच भरून आलं.

बायकोने वाचलं. म्हणाली, सांगायचंच असेल तर जाऊन तोंडी सांग. त्याहून बरं म्हणजे गप्प बस. पोरीकडे बघ जरा. म्हटलं, तिच्याकडे बघूनच करतोय. मोठी झाल्यावर तिला अभिमान वाटेल. बायको म्हणाली, मोठी व्हायला तिला शाळा लागेल.

तरी मला मॅडमबद्दल खात्री आहे. असा शिक्षक कोणती शाळा जाऊ देईल? बहुधा डोळ्यांत पाणी येईल त्यांच्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पत्र दिलं. हातात नाही. ऑफिसात रीतसर दोन प्रती, आवक नोंदवहीत क्रमांक, माझ्या प्रतीवर शिक्का. क्लार्क म्हणाला, सर, रजेचा अर्ज आहे का? मी नुसता हसलो.

हलकं वाटतंय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पाणी आलं नाही. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, एवढंच.

म्हणाल्या, सर, खुल्या तासाच्या तालमी होतात हे आपल्या शिपायालाही माहीत आहे. आत येऊन बोलला असतात तर चहा मागवला असता, आणि विसरून गेले असते. तुम्ही शिक्का मारून घेतलात. आता हे शाळा समितीपुढे ठेवावं लागणार, आणि समितीत सगळे पालक. त्यांनी टाळ्या वाजवल्यात. आठ तालमींना टाळ्या वाजवल्या, हे त्यांना कोण सांगणार?

माझं कायम झाल्याचं पत्र त्यांनी दाखवलं. सहीसकट. मग खणात ठेवलं. म्हणाल्या, शुक्रवारी समिती बसते. त्याआधी लेखी मागे घेतलंत तर मी काही वाचलं नाही.

मी म्हणालो, मॅडम, सत्य मागे घेता येत नाही. त्या म्हणाल्या, सत्य राहू दे हो सर, पत्र घ्या.

निश्चय: घेणार नाही. प्राण गेला तरी नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बातमी फुटली. आता म्हणे वर्षातले सगळेच खुले तास तपासणार. मी स्टाफरूममध्ये गेलो की संभाषण थांबतं. भूगोलाच्या बाई तेवढ्या बोलल्या. म्हणाल्या, सर, तुम्ही बुडालात त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण आम्ही कुठे पोहायला आलो होतो? माझ्या खुर्चीवर कुणीतरी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा ठेवला. तो मी उभ्यानेच तपासला.

घरी वाईट. शाळेत मुलगी मला ‘सर’ म्हणते, तो नियम मीच घातला होता. आज घरीही म्हणाली. सर, पाणी हवंय? सर, दिवा मालवू का? बायकोने तिला टोकलं नाही.

नववीतल्या त्या बाकावर आता मैत्रिणीशेजारी दुसरीच कुणी बसणार, असं ती आईला सांगत होती. मी बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिलो. ऐकू येतच होतं.

मी चुकलो नाही. चुकलो का? निदान एका मुलीच्या प्रश्नासाठी तरी हे केलं. तो प्रश्न काय होता, तेवढं कळलं तरी मी उभा राहीन.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी सहा

शाळा सुटल्यावर खिडकीला थांबवलं. म्हटलं, बाळा, त्या दिवशी तू हात वर केला होतास. तुला काय विचारायचं होतं? मी तुझी माफी मागतो. ती घाबरली. म्हणाली, आठवत नाही, सर. मी म्हणालो, आठव, घाई नाही. लंबकाबद्दल होतं का? ती नाही म्हणाली. दोऱ्याबद्दल? नाही. बुटाने जमीन उकरायला लागली. मग एकदम म्हणाली, अहो सर, मला टॉयलेटला जायचं होतं.

मी तिला जा म्हणालो. ती म्हणाली, आत्ता नाही, सर, तेव्हा.

घरी चालत आलो. शांतपणे विचार केला, तो असा. मुद्दा क्रमांक तीन वस्तुस्थितीला धरून नाही. तिथे जिज्ञासाच नव्हती, त्यामुळे गळा दाबण्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे मी माझ्या सहीने आणि शाळेच्या शिक्क्याने अडीच पानं असत्य विधान केलं आहे. असा कागद समितीपुढे जाऊ देणं अप्रामाणिकपणाचं होईल. मुद्दे एक आणि दोन खरे आहेत, पण ते तिसऱ्याच्या आधाराने लिहिले होते. तीन सुट्या पत्रांत मांडले असते तर गोष्ट वेगळी. आता अर्धं पत्र मागे घ्यायची सोय नाही. क्लार्कला फोन करून विचारलं मी.

तेव्हा हा माघार घेण्याचा प्रश्नच नाही. ही दुरुस्ती आहे.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं. एवढंच म्हणाली, आणि मुलीला हाक मारून सांगितलं. मुलगी दारात आली. माझ्याकडे बघितलं. बाबा म्हणाली नाही. सरही म्हणाली नाही. विचारलं, ऑफिस किती वाजता उघडतं?

उद्या: सव्वासातला ऑफिस उघडताच पत्र मागे घेत असल्याचं पत्र देणे. एकच ओळ, कारण न देता.