पाव येईपर्यंत

प्रिय आजोबा,

कॉलेजातल्या ज्यू मुलांच्या मंडळात परवा पहिल्यांदा गेले, शुक्रवारच्या जेवणाला. सगळ्यांनी तांब्यानं हात धुतले, म्हणून मीही धुतले. शेजारच्या मुलीला म्हटलं, "मी डेलिया, क्लीव्हलंडची." ती नुसतं "हं" म्हणाली. समोरच्यानंही "हं"च केलं. वाटलं, या लोकांत आपलं काय काम! मी कोट उचलला. तेवढ्यात कुणीतरी प्रार्थना म्हटली, वेणीसारखा गुंफलेला पाव मोडून सगळ्यांना घास दिला आणि टेबलभर एकच गलका उठला.

शेजारची रिव्का ओरडली, "अगं, बस की! हात धुतल्यावर पाव तोंडात पडेपर्यंत बोलायचं नसतं. घरी कुणी शिकवलं नाही?"

"नाही," म्हटल्यावर सगळे हसले. पावाचं खरपूस टोक मला मिळालं आणि पुढच्या वेळी पाव भाजायचं आमंत्रणही. पण तो घास खाताना मला तुमचा आमच्या घरातला पहिला शुक्रवार आठवला.

आजी गेल्यावर तुम्ही आमच्याकडे राहायला आलात. पहिल्याच शुक्रवारी हात धुऊन टेबलाशी बसलात. मी विचारलं, "आजोबा, पास्ता वाढू?" तुम्ही "हं, हं" करत स्वयंपाकघराकडे बोट दाखवत राहिलात. आई पुटपुटली, "रुसलेत. बसू दे." आम्ही जेवून उठलो.

पाव घरात होता, आजोबा. फडताळात. तुम्ही असतात, तर आजच फोन केला असता.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही हात न धुताच बसलात आणि गप्पा मारत पास्ता खाल्लात. आई म्हणाली, "रुळले एकदाचे."

तुमची,
डेलिया