अंगठ्याखालचं शून्य

आप्पा, तुमची बोट अजून चालते. हे आधीच सांगून टाकतो, कारण हे पत्र तुमच्या हाती पडलं असतं तर आईची तब्येत, माझी नोकरी, घराचं छप्पर सगळं ओलांडून तुम्ही पहिल्यांदा तेवढंच शोधलं असतं. चालते. पण कशी चालते आणि कुणाच्या हातानं, ते लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याशी थोडं मोकळं बोलायला हरकत नसावी. समोर असताना ते कधी जमलं नाही; तुम्ही बोलायचा आणि मी व्याकरण काढायचो.

परतूरच्या आपल्या दुकानात जळालेल्या पंपांच्या मोटारी यायच्या, बैलगाडीतून, कधी सायकलच्या मागं बांधून. तांब्याची तार गुंडाळून झाली, वार्निश वाळलं की तुम्ही मोटार चालू करून बघायचा. डावा हात तिच्या अंगावर, वैद्यानं नाडीवर ठेवावा तसा, आणि उजव्या हाताचा जाड नखाचा, पेराशी वाकडा अंगठा स्टार्टरच्या बंद करायच्या लाल बटणावर. मोटार नीट चालत असली तरी तो अंगठा तिथून हलत नसे. "चालत्या यंत्रावरून अंगठा उचलायचा न्हाई. उचलला की ते मोकाट," हे तुमचं सूत्र, पण त्यावर भाष्य नव्हतं. एक्याऐंशी साली तुम्ही पहिली बोट केली. सागाची फळी, टेपरेकॉर्डरची मोटार, आणि वेग कमी करायला शेगडीच्या कॉइलचा तुकडा. वेग कमी झाला, कॉइल तापली आणि बोटीचा मागचा भाग पेटला. पाण्यात असताना जळणारी वस्तू मी तेवढीच पाहिली. मी हसलो तर तुम्ही म्हणालात, "हस, शास्त्रीबुवा, हस. तुझ्या ऋषींनी बोट केल्ती का एखादी?" मी तेव्हा शाळेत होतो, संस्कृतात पहिला आल्तो, एवढाच माझा गुन्हा.

मग पुष्कळ वर्षांनी, दुकान बंद झाल्यावर, तुम्ही केलेल्या नव्या बोटीसाठी मुंबईहून पार्सलनं रिमोट आणि कंट्रोलर आला. दोन हजार सालच्या आसपास असेल. काडेपेटीएवढा डबा, बाहेर आलेल्या चार-दोन वायरी. रिमोटची दांडी किती पुढं केली आहे ते बघून मोटारीला तेवढीच वीज द्यायची, हे त्याचं काम. तुम्ही त्याला शेवटपर्यंत 'स्टार्टर'च म्हणालात. पण हा स्टार्टर असा की त्याला आधी शिकवावं लागे: दांडी कुठं असली म्हणजे थांबायचं, ते त्याचं शून्य, कुठं असली म्हणजे पूर्ण पुढं, कुठं असली म्हणजे पूर्ण मागं. एकदा शिकला की बॅटरी काढली तरी विसरत नाही. माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरा. आपल्या घरच्या हौदाच्या कठड्यावर आपण दोघं बसलो आहोत, सोबत आलेला कागद इंग्रजी, म्हणून वाचन माझ्याकडं.

"दांडी मधोमध मोकळी सोडा आणि बटण दाबा."

"सोडली."

"दाबलं?"

"दाबलं. डोळा मिचकावला बघ त्यानं. फुडं वाच जल्दी."

माझं लक्ष कागदात होतं आणि तुमचं त्या लाल दिव्यात. तुमचा अंगठा कुठं होता ते कुणीच पाहिलं नाही. तिसऱ्यांदा दिवा मिचकावला, तुम्ही बोट पाण्यात सोडली आणि ती हौदाच्या मधोमध चित्रासारखी उभी राहिली. "बराबर बसलं," तुम्ही म्हणालात. "आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. तू तर बिलकुल न्हाई." पुढं संध्याकाळी तुम्ही सुपारीचं खांड बोटीवर ठेवून ते पलीकडं भांडी घासणाऱ्या आईकडं पाठवायचा. "लोकं बघून राह्यले, म्हातारपणी काय पोरखेळ लावलाय," ती म्हणायची, आणि सुपारी उचलून घ्यायची.

त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत. दहाव्याला दुधना नदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे होते, चांगले धष्टपुष्ट, पण एकही खाली उतरेना. चुलते हात जोडून पुढं झाले. "दादा, वहिनीला काही कमी पडू देणार न्हाई!" कावळे गप्प. "घर इकणार न्हाई म्हण रे," मला मागून कुणीतरी सांगितलं. म्हणालो. कावळे गप्प. मामा म्हणाले, "चहा ठेवायचा ऱ्हायला का त्यांच्याम्होरं?" चहा आणला. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघू लागले. मग मी मनातल्या मनात, कुणाला ऐकू न जाता म्हणालो: आप्पा, तुमच्या कंट्रोलरचं शिकवलेलं मी पुसणार नाही. वाक्य संपायच्या आत एक कावळा उतरला. काकतालीय न्याय मी वर्गात दरवर्षी शिकवतो: कावळा बसला, त्याच क्षणी ताडाचं फळ पडलं, म्हणून एकाचं कारण दुसरं होत नाही. त्या दिवशी कावळा होता आणि ताड मीच होतो.

तुमच्यामागं बोट मी प्रथम चालवली ती वर्षश्राद्ध झाल्यावर. रिमोट चालू केला, बोट चालू करून पाण्यात सोडली आणि कठड्यावर रिमोट ठेवून धोतराचा सोगा सावरला. बोट निघाली. दांडीला कुणाचा हात नाही, आणि ती निघाली, सावकाश, घरातल्या माणसानं अनवाणी चालावं तशी. हौद ओलांडून पलीकडच्या दगडाला जाऊन लागली आणि तिथं टक, टक, टक करत राहिली. दक्षिणेचा कठडा. दक्षिण कुणाची दिशा, हे मला शिकवावं लागत नाही. तीच आईची भांडी घासायची जागा, हेही खरं.

दाजींनी उलगडा केला. तुमचे जावई वीज मंडळात, त्यांना भुताखेतांचा राग आहे. त्यांनी रिमोट हातात घेतला, दांडी केसभर मागं दाबली, बोट थांबली. सोडली, निघाली. "मास्तर, हे बघा," ते म्हणाले, "सासरेबुवांनी दांडी मोकळी सोडलीच न्हाई. अंगठा ठेवूनच शिकवलंय. ह्या डब्याला वाटून राह्यलं की त्यांच्या अंगठ्याचं वजन म्हंजे थांबणं. अंगठा न्हाई, म्हंजे चला."

"मग?"

"मंग काय, एका मिनिटाचं काम. परत शिकवतो. तुमच्या संस्कृतावानी बारा वर्षं लागत न्हाईत."

मी राहू द्या म्हणालो. कावळ्याचं त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी माझं मीटरच तपासलं असतं. नंतर एकटा असताना मी स्वतः अंगठा ठेवून बघितला. जमलं नाही. थोडा जास्त पडला की बोट मागं सरके, थोडा कमी पडला की पुढं. जिवंत माणसाच्या हातात ती उभी राहीना.

गेल्या दोन-तीन वर्षांत आईचं वय एकदम पुढं आलं. मी जालन्याचं बिऱ्हाड मोडून परतूरलाच राहायला आलो. तिला सकाळी काय जेवली ते आठवत नाही, पण "आधी रिमोट, मंग बोट, बंद करताना आधी बोट, मंग रिमोट" हे तुम्ही शिकवलेलं पाठ आहे. रोज दिवेलागणीच्या आधी ती बोट पाण्यात सोडते, दक्षिणेच्या कठड्यावर जाऊन बसते, आणि बोट तिच्याकडं येते. "आलात? आज वरणात मीठ जास्त पडलंय, बोलू नका." टक, टक. "सुनेनं न्हाई, मीच टाकलं." टक. मी ओसरीवर उत्तरपत्रिका तपासत ऐकायचो, आणि खरं सांगतो, मला त्यात वावगं वाटत नव्हतं. माझ्या वर्गात याहून कमी संवाद होतो.

मग एका संध्याकाळी ती कठड्यावर पालथी पडलेली दिसली, खांद्यापर्यंत हात पाण्यात. आपल्याकडं नळ कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून हौद काठोकाठ भरलेला, आणि खोली तुम्हाला ठाऊक आहे. मी धावत जाऊन तिला मागं ओढलं.

"काय करून राह्यली आई?"

"हात मागून राह्यलेत रे," ती म्हणाली. "थंडी वाजत असंल त्यांना. ओढून घेते वर, न्हाईतर मीच उतरते."

मी बोट कपाटात कुलपात ठेवली. ती जेवेना. बोट नसलेल्या हौदापाशी जाऊन बसायची, पाण्याकडं कान लावून. "आले बघ," म्हणायची. "टकटक करून राह्यले." कुलूपबंद कपाटातली बोट दगडाला कशी लागेल? मला काहीही ऐकू आलं नाही, असं मी दाजींना सांगितलं आहे.

दाजी म्हणाले, बोट तिच्यासमोरच ठेवा, पण शून्य बदला. दांडीला हात लावल्याशिवाय ती हलत नाही हे सासूबाईंना रोज दिसू द्या, आपोआप कळंल की यंत्र हाय. म्हणणं बरोबर होतं. एकीकडं मेलेल्या बापाला मनात दिलेला शब्द, दुसरीकडं जिवंत आई. धर्मशास्त्रात याचा निर्णय अवघड नाही. तरी बोट कपाटातून काढायला मला आठवडा लागला, कारण बटण एकदा दाबलं की तुमचा अंगठा या जगातून पुसला जाणार. तुमचा फोटो आहे, चष्मा आहे, पण त्यांना वजन नाही.

परवा दुपार कलल्यावर आई आत झोपली होती. मी हौदावर बसलो. आधी रिमोट, मग बोट. बोट मांडीवर, तिचा पंखा माझ्याकडं. पंखा फिरेना. वायर सुटली असेल म्हणून बघायला हात हलवला आणि पंखा फिरू लागला. हात परत ठेवला, थांबला. तेव्हा ध्यानात आलं की रिमोट उचलल्यापासून माझा अंगठा दांडीवर होता. मी ठेवलेला नव्हता. तो होता. बोट पाण्यात सोडून पाहिली: हौदाच्या मधोमध, चित्रासारखी. वारा आला, पाण्यावर सुरकुती उठली, बोट जागची हलली नाही. मी अंगठ्याकडं बघितलं. नखाची कड जाड झाली आहे, पेराशी वाकडा झाला आहे. कधी झाला, कोण जाणे. बटण दाबण्यात आता अर्थ उरला नव्हता. नवं शिकवलं असतं तरी त्यानं तेच शिकलं असतं.

आई उठून दारात आली. मला वाटलं, बोट जवळ येत नाही हे पाहून ती हाका मारील, रडेल. तिनं बोटीकडं पाहिलंच नाही. माझ्या हाताकडं पाहिलं, बराच वेळ. मग डोक्यावरून पदर घेतला.

"आवो," ती म्हणाली, "आत चला आता. गार पडून राह्यलं."

त्या हाकेनं तिनं आयुष्यात एकाच माणसाला बोलावलं आहे. 'आई, मी आहे' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "आलो," आणि ते माझ्या नेहमीच्या आवाजात आलं नाही. त्या दिवशी ती पोटभर जेवली. त्यानंतर हौदाकडं फिरकलेली नाही. दाजी म्हणतात, बघा, शून्य बदलल्याचा गुण. बटण मी दाबलंच नाही, हे त्यांना ठाऊक नाही.

हे पाठवणार कुठं? पाकिटावर घालायला पत्ता आपल्याच घराचा आहे. ती आता रोज दिवेलागणीला तशीच हाक मारते. आणि आप्पा, पहिले दोन दिवस मी मागं कोण उभं आहे म्हणून वळून बघत होतो. आता बघत नाही. उठतो आणि आत जातो.