आलाबाशची गाठ

कराबुलाग, २ उर्दिबेहेश्त

अल्लाच्या कृपेने.

चि. माहरुख हिस अनेक आशीर्वाद. वि. वि. येथे सर्व सुखरूप. तुझ्याकडे तबरीजला तसेच असो.

पाकीट जुनेच उलटून चिकटवले आहे, हसू नकोस. चांगले पाकीट टाकून द्यायला माझा हात धजत नाही.

शेजारच्या गुलनिसाचा मुलगा काळ्या तापाने गेला. पोट फुगून घागरीसारखे झाले होते. आरोग्य खात्याची माणसे म्हणाली की हा रोग कुत्र्यांच्या अंगात असतो आणि एक बारीकशी माशी तो लेकरांपर्यंत पोचवते. तेव्हापासून गावात एकच विषय, कुत्री ठेवायची की मारायची. आमच्याकडे दोन. एक आलाबाश, आपल्या बाबांच्या कळपातला. त्याची आजी माझ्या वरातीच्या घोड्यामागून चालत आली होती, आठवते ना? दुसरा बोज, ह्यांनी मागच्या वर्षी आणलेला, लोण्यासारखा तुकतुकीत.

आयसानला चौथे लागले आहे. दिवसभर आलाबाशच्या गळ्यात पडलेली असते. कुत्रे शिवले की विटाळ, म्हणून मी तिचे हात मातीने घासून घासून थकते, नमाजाआधी अंगावरची चादर बदलते. ती आपली पुन्हा त्याच्यापाशी. तीन लेकरे मातीला दिल्यावर ही एक राहिली आहे, माहरुख. तुझे बहलूलभावजी म्हणतात की लांडग्याच्या मुलखात कुत्र्याशिवाय मेंढरे राखता येत नाहीत, एक तरी हवाच. तर तू ये आणि कोणता निर्मळ आहे ते सांग. जनावरांची एवढी मोठी डॉक्टर झालीस, घरच्या कुत्र्यांना तरी उपयोग होऊ दे. मात्र त्यांना शिवून माझ्या चुलीपाशी यायचे नाही, आधी झऱ्यावर जायचे, हे आत्ताच सांगून ठेवते.

थोरल्या बहिणीवरची माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी बाजी,
सर्वीनाज

•

तबरीज, १९ उर्दिबेहेश्त

ती. सर्वीनाजबाजीस माहरुखचा सा. सलाम. वि. वि. सुखरूप पोचले. तू बांधून दिलेले पनीर प्रयोगशाळेतल्या मंडळींनी वाटेतच संपवले आणि वर म्हणाले की बाजीला स्वर्ग मिळो.

गाडी थांबत नव्हती म्हणून सगळे घाईत झाले. दोघांचे रक्त घेतले आहे, त्याचा निकाल यायला वेळ लागेल. दोघांच्या मांडीच्या आतल्या कातडीत मी सुई टोचली, तिथे तिसऱ्या दिवशी भावजींनी बोट फिरवून पाहावे, असे सांगून आलेच आहे. गाठ आली का, एवढेच मला कळवायचे. त्याचा अर्थ तू चार वेळा विचारलास आणि मी सांगितला नाही, म्हणून फुगली होतीस. बाजी, आमच्या कामाची रीतच अशी आहे. अर्थ आधी सांगितला की माणसाला हवे तेच बोटाला लागते. तुम्हा लोकांचे डोळे तर मनाच्या मागून धावतात. बाबांनी मरणाऱ्या घोडीकडे पाहून ती सुधारतेय असे आठवडाभर सांगितले होते, विसरलीस का?

तेव्हा नुसते पाहा आणि लिहा. डोके मी चालवीन.

आयसानला पापा. तिने माझ्या पिशवीत आलाबाशचे केस घालून दिले होते, आठवणीसाठी.

जशी आहे तशी मला पदरात ठेव.
माहरुख

•

कराबुलाग, २५ उर्दिबेहेश्त

अल्लाच्या कृपेने.

चि. माहरुख हिस अनेक आशीर्वाद. वि. वि. तू डोके चालवायच्या आत आमचे चालले, तेव्हा आता शाबासकी दे.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी पाहिले. आलाबाशला अक्रोडाएवढी गाठ, लाल आणि टणक. बोजची कातडी माझ्या तळहातासारखी सपाट. मग सांगायचे काय राहिले गं? गेल्या वर्षी गाईंच्या मानेत क्षयाची सुई टोचायला सरकारी डॉक्टर आले होते. तिसऱ्या दिवशी ज्यांच्या मानेवर गाठ आली त्या सगळ्या ओढून नेल्या आणि मारल्या. आमची लाल गाय त्यातच गेली. सुई काय असते ते आम्हालाही कळते, बाई.

ह्यांनी आजचे उद्यावर टाकले नाही. लांब नेला तर तो समजेल म्हणून अंगणाच्या टोकाला उभे राहिले. डाव्या हातात लवाश भाकरीचा तुकडा, उजवा हात पाठीमागे. गाल, गाल, ये, ये अशी हाक मारली. तो माझ्याकडून भाकरी घ्यायचा तेव्हा दबकत घ्यायचा, मी हाकलते म्हणून. ह्यांच्याकडे मात्र उड्या मारत गेला. भाकरी तोंडात होती तेव्हाच बार झाला. एका बाराने भागले नाही. दुसरे काडतूस घेऊन येईपर्यंत तो भाकरीसकट ह्यांच्या पायाशी सरपटत आला, म्हणून ह्यांनी ते वाया न घालवता बंदुकीच्या दस्त्यानेच संपवले.

आयसानला मी घरात कोंडले होते, पण खिडकीची फळी फुटकी आहे. तिने विचारले की बाबांनी असे का केले. मी सांगितले की त्याला गाठ आली होती. लहान आहे, विसरेल.

रिकामी जागा राहू नये म्हणून बोजला आता दारात बांधला आहे. गोधडीखाली आयसान आणि उंबऱ्याबाहेर बोज. मी पहिल्यांदा निर्धास्त झोपले. बाबांचा कुत्रा गेला म्हणून तुला वाईट वाटेल, पण लेकरापुढे कुत्रे ते काय.

आठवण ठेवतेसच, ठेवत राहा.
सर्वीनाज

•

तबरीज, ४ खुर्दाद

ती. बाजीस सा. सलाम. वि. वि.

तुला शाबासकी हवी होती ना? घे. घरातले एकमेव निर्मळ जनावर तुम्ही दस्त्याने ठेचलेत.

आता अर्थ ऐक. हा जंतू रक्तात उघडा फिरत नाही. जी पेशी त्याला गिळते तिच्याच पोटात तो घर करून राहतो. अंगात दोन तऱ्हेचे रक्षण असते. एक नुसते बाहेरून रक्तात फिरते, पेशीच्या आत लपलेल्याला त्याने काही होत नाही. दुसरे पेशींचे. त्या शत्रूला ओळखतात, धावून येतात, आणि ज्या पेशीत तो बसलाय तिलाच त्याला मारायला लावतात. मी सुईत मेलेले जंतू भरले होते. आलाबाशच्या पेशींनी त्यांना ओळखले आणि गर्दी केली. ती गर्दी म्हणजे ती गाठ. हा रोग त्याने केव्हाच अंगावर घेऊन जिरवला होता. बोजच्या कातडीत कोणी धावून आले नाही. गाईच्या गाठीचा अर्थ वेगळा, कुत्र्याच्या वेगळा. एवढे कळण्यासाठी मी शिकले आणि तू चूल फुंकलीस.

रक्ताचा निकाल आज आला. बोजचे रक्त त्या पहिल्या, बाहेरून फिरणाऱ्या निकामी प्रतिद्रव्यांनी भरलेले आहे, म्हणजे रोग आत चालू आहे. वरून तुकतुकीत दिसतो तोवर दिसेल. तुम्ही त्याला लेकराच्या उशाशी बांधलेत. आजच्या आज तिथून हलवा.

आणखी काय लिहू.
माहरुख

•

कराबुलाग, १५ खुर्दाद

चि. माहरुख हिस आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचले. दोनदा वाचले आणि चुलीत घातले. तेवढेच फुंकायचे कष्ट वाचले.

तुला दुःख कुत्र्याचे झाले आहे आणि राग माझ्यावर काढतेस. लहानपणापासून बाबांची कुत्री तुला माझ्याहून सख्खी. जो सुजला तो निरोगी आणि जो धडधाकट तो रोगी, असे मी गावात बोलले तर लोक माझे डोके तपासतील. ह्यांना वाचून दाखवले, तर ते उठून बाहेर गेले आणि बोजच्या अंगावर हात फिरवत बसले. म्हणाले की एक कुत्रा तिच्या अर्धवट बोलण्यापायी मारला, दुसरा तिच्या रागापायी मारणार नाही. एवढे खरे होते तर सुई टोचतानाच एक वाक्य बोलली असतीस. तोंडाला काही पैसे पडत नव्हते.

बोज दारातच आहे आणि गुबगुबीत आहे. राग उतरला की लिही.
सर्वीनाज

•

अर्दबील, २० आबान

अल्लाच्या कृपेने.

चि. माहरुख, आशीर्वाद. उन्हाळाभर तू लिहिले नाहीस, मीही लिहिले नाही. आता दवाखान्यातून लिहीत आहे.

मेहर महिन्यात बोजच्या डोळ्यांभोवतीचे केस गळाले. नखे वाढून आत वळली, चालताना फरशीवर वाजायची. आयसानला त्याच आठवड्यात ताप आला. मी ह्यांना सांगितले नाही, ह्यांनी मला सांगितले नाही; दोघांनीही तिचे पोट अंधारात चाचपून पाहिले. डाव्या बाजूला वीट ठेवल्यासारखे लागले. ह्यांनी बोजला दरीकडे नेला आणि एकटे परत आले. जेवले नाहीत.

इथे रोज मांडीत सुई देतात. ती ओरडत नाही, नुसती माझ्याकडे बघते. शेजारच्या खाटेवरची पोर काल गेली. तिची आई माझा हात धरून म्हणाली की तुझी राहील. मला तिचा राग आला, म्हणजे माझे मन कसे झाले आहे ते बघ.

तुझे ते पत्र जाळायला नको होते. डॉक्टरांना दाखवता आले असते. तू ये.
बाजी

•

तबरीज, ११ खुर्दाद

ती. बाजीस सा. सलाम. वि. वि. आयसान घरी आल्याला सहा महिने झाले, पोट बसले, केस पुन्हा आले, हे वाचून मी इथल्या मशिदीत शिरणी वाटली. मी, म्हणजे विचार कर.

दवाखान्यात तिच्या खाटेपाशी आपण दोघी बसलो होतो तेव्हा आलाबाशचे नाव कोणीच काढले नाही. मी आता काढते. मी तेव्हा एक वाक्य बोलायला हवे होते. आणि दुसरे पत्र तसे लिहायला नको होते. तू जाळलेस हे बरे केलेस.

अर्दबीलचे डॉक्टर येत्या आठवड्यात आयसानच्या हातावर तीच सुई टोचणार आहेत, मीच सांगितले आहे. या वेळी अर्थ आधीच सांगते, मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लाव. तिसऱ्या दिवशी गाठ आली तर चांगले. म्हणजे तिच्या पेशी शत्रूला ओळखायला शिकल्या. हा रोग तिला पुन्हा होणार नाही, असे धरून चालता येईल. भावजींना दोनदा वाचून दाखव.

मला दूर करू नकोस.
माहरुख

•

कराबुलाग, २३ खुर्दाद

अल्लाच्या कृपेने.

चि. माहरुख हिस अनेक आशीर्वाद. वि. वि. गाठ आली.

तुझे पत्र ह्यांना दोनदा नाही, रोज वाचून दाखवत होते. काल तिसरा दिवस. ह्यांनी पहाटेपासून मला तूप काढायला लावले आणि स्वतः कढईपाशी बसून हलवा केला. एरवी मी एवढे तूप ओतू दिले नसते. मी आयसानला अंगणात बोलावले. ती बाही मुठीत धरून आली आणि हात दाखवीना. मी जवळ घेतले तेव्हा हळूच म्हणाली की काही आले नाही. बाही वर केली तर गाठीची जागा रक्ताळलेली होती. झऱ्यावरच्या दगडाने तिने सकाळपासून ती घासली होती, सपाट व्हावी म्हणून. म्हणाली की बाबांना सांगू नकोस, आई, मी ती घालवते, थोडीच राहिली आहे.

तेवढ्यात हे बाहेर आले. आनंदात होते. डाव्या हातात लवाशमध्ये गुंडाळलेला हलवा होता, आणि उजव्या हाताला तूप लागले म्हणून तो पाठीमागे सदऱ्याला पुसत होते. गाल, गाल म्हणाले.

तिने भाकरीकडे पाहिले आणि मग पाठीमागच्या हाताकडे. मला चिकटली आणि तिच्या अंगाखालून पाणी वाहिले. ह्यांना आधी कळले नाही, ते हसत आणखी एक पाऊल पुढे आले. मग कळले. दोन्ही हात पुढे करून तिला दाखवले, रिकामे आहेत म्हणून. हलवा मातीत पडला.

जखम धुऊन बांधली आहे. गाठ खाली तशीच आहे, टणक, अक्रोडाएवढी. तू म्हणालीस तशी चांगली.

हे आज उजाडायच्या आत मेंढरांमागे गेले. कुत्र्याशिवाय. भाकरी मी बांधून दिली तेव्हा म्हणाले की यापुढे घरात भाकरी तूच वाटत जा, मी कोणाच्या पुढे हात करणार नाही.

तू ये. तुझ्या हातून तरी ती खाईल.
तुझी बाजी,
सर्वीनाज